उर्बेनच्या सायकलमधली चिमणी

गोदेलीव : मग उद्याचं मांस मी कशात शिजवू? ज्या पातेल्यात शिजवते, त्यात तुझी चेन पोहतेय.

उर्बेन : रॉकेल नाहीये ते, लीव. संत्र्याच्या सालीपासून करतात. वास घेऊन बघ.

गोदेलीव : मग तूच खा. बायकोने स्वयंपाकघर सोडून गॅरेजमध्ये येऊन पातेलं मागायचं, ही काय तऱ्हा झाली? ओमेर, शाळेपासूनचा मित्र ना तू याचा? तू तरी काही सांग.

ओमेर : हो हो. अगदी बरोबर.

गोदेलीव : काय बरोबर?

ओमेर : तुम्ही दोघं म्हणताय ते.

उर्बेन : तिला माहीत नाहीये रे, गेल्या रविवारी काय झालं ते. मी सांगितलंच नाही घरी. लीव, राइडच्या अर्ध्या वाटेवर आम्ही सगळे कॅफेत थांबलो होतो. एत्येन उठला. क्लबचा सेक्रेटरी झाल्यापासून त्याला उठल्याशिवाय बोलताच येत नाही. म्हणाला, उर्बेनच्या सायकलमध्ये चिमणीने घरटं केलंय. ती उडेपर्यंत उर्बेनने सगळ्यांच्या शेवटी चालवायची. बाकीचे हसले. कॅफेवालीसुद्धा हसली.

गोदेलीव : आणि तू काय म्हणालास?

उर्बेन : काय म्हणणार? आवाज तर येतोच. चिव, चिव, चिव. चढावर जास्त. इतकी वर्षं मी क्लबच्या पुढे चालवतो, वारा अंगावर घेतो, आणि आता शेपटाला. एकटा ओमेर माझ्याबरोबर मागे आला. न सांगता आला. याला म्हणतात मित्र.

ओमेर : त्यात काय. मागे वारा कमी लागतो.

गोदेलीव : बरं. आवाज कुठून येतो, ते सापडलं का?

उर्बेन : तेच तर. आधी चेन बदलली, मग मागची चक्रं. क्रँकच्या आतली बेअरिंग काढून नवी टाकली. सीटसुद्धा बदलली, लीव. ती जुनी सीट माझ्या बुडाला पाठ झाली होती. आज सकाळी दोन्ही पेडलला ग्रीस लावलं.

ओमेर : ग्रीसला? छान. पण उन्हाळ्यात नका जाऊ, फार तापतं म्हणतात.

उर्बेन : बघ, हा अजून मला हसवायला बघतोय.

गोदेलीव : हं. तू मंगळवारी एकटाच नदीकाठाने गेला होतास ना? तेव्हा आला आवाज?

उर्बेन : नाही. मोठा लबाड आवाज आहे तो. मी एकटा असलो की गप्प. रविवारी चार माणसं जमली की सुरू. इथं स्टँडवर लावून तासभर फिरवली, चकार शब्द नाही.

गोदेलीव : आणि रविवारी तू पेडल मारायचं थांबलास, तर थांबतो?

उर्बेन : कधी थांबतो, कधी नाही. उतारावर मी पाय सोडून नुसता बसलो होतो, तरी चिव चिव चालू. म्हणून तर मी चाकाच्या बेअरिंगवर आलो. पाय थांबले तरी चाक फिरतंच ना.

गोदेलीव : म्हणजे तू पाय हलवत नाहीस आणि आवाज पेडल मारल्यासारखा येतो.

उर्बेन : हो.

गोदेलीव : आणि तेव्हा तुझ्या शेजारी पेडल कोण मारत असतं?

उर्बेन : ओमेर. त्याला उतारावरही मारायची सवयच आहे. पण त्याचा काय संबंध? त्यालाही ऐकू येतो की. विचार.

गोदेलीव : विचारते. ओमेर. ओमेर, इकडे बघ. उर्बेनच्या सायकलचा आवाज तुला येतो?

ओमेर : येतो म्हणजे काय? चांगला खणखणीत येतो.

गोदेलीव : मग एक काम कर. त्या भिंतीकडे तोंड करून उभा राहा. उर्बेन पेडल फिरवेल. आवाज आला की हात वर कर.

उर्बेन : अगं पण लीव, आत्ता सायकलला...

गोदेलीव : तू बोलू नकोस.

ओमेर : आला. हा बघा, आला. नेहमीचाच. आज जरा मोठाच आहे.

गोदेलीव : त्याला इकडे वळव, उर्बेन. ओमेर, चेन पातेल्यात आहे.

ओमेर : हो, स्वच्छ निघेल आता.

गोदेलीव : चेन पातेल्यात आहे, आणि उर्बेनने सायकलला बोटही लावलेलं नाही. तू काय ऐकलंस?

(गोदेलीव दारात जाते, बाहेर भिंतीला टेकवलेल्या ओमेरच्या सायकलचं मागचं चाक उचलून पेडल फिरवते. चिव, चिव, चिव.)

उर्बेन : हाच. लीव, हाच तो.

ओमेर : काय झालं? तिनं माझी सायकल का उचलली?

उर्बेन : ओमेर, तू चेनला शेवटचं तेल कधी घातलंस?

ओमेर : मी? आवाज आला की घालतो.

उर्बेन : मग?

ओमेर : आलाच नाही.

उर्बेन : या गिअरखालच्या दोन चकत्या बघ. हाडासारख्या कोरड्या पडल्यात. आणि मी माझी सीट फेकून दिली. एत्येनचं ऐकून घेतलं. तू माझ्या शेजारी बसून खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, होतं असं.

ओमेर : तुझा चेहरा पडलेला होता. मला वाटलं, हरलास कुठंतरी.

उर्बेन : आणि दर वेळी मी विचारायचो, येतोय का रे आवाज, तर म्हणायचास, येतोय.

ओमेर : सगळे म्हणत होते येतोय. मी एकटाच नाही कसं म्हणू? जन्मभर मागांच्या खडखडाटात उभा राहिलो, कान त्या गिरणीतच ठेवून आलो. मागच्या वर्षीपासून बारीक आवाज येईनासेच झाले. जाड येतात. ट्रॅक्टर येतो. चर्चची घंटा येते. एत्येन येतो.

गोदेलीव : सांगायला काय झालं होतं?

ओमेर : कुणाला सांगू? वेर्लाला? माझ्या मुलीला ओळखतेस ना तू. ती कळल्या कळल्या सायकल उचलून नेईल. म्हणेल, बाबा, मागून आलेली गाडी ऐकू येत नाही आणि तुम्ही रस्त्यावर जाता? आणि तिचं बरोबरच आहे. पण सायकल गेली तर रविवारी मी करू काय? माझी मारीआ वारल्यापासून घरात बोलायला घड्याळ तेवढं आहे, आणि आता तेही ऐकू येत नाही.

गोदेलीव : उर्बेन, त्याच्या खांद्यावरचा हात काढू नकोस. चिडायचं असेल तर नंतर चीड.

उर्बेन : मी चिडलेलो नाही. मी सीटचा विचार करतोय.

गोदेलीव : ती कोळशाच्या खोलीत आहे. तू फेकलीस, मी उचलून ठेवली. आता दोघंही ऐका. ओमेर, माझ्या तोंडाकडे बघ. सोमवारी मी तुला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जाते. यंत्र लावायला सांगितलं तर लावायचं. माझ्या बहिणीने लावलंय, केसांत दिसतसुद्धा नाही.

ओमेर : मला केस कुठे आहेत?

गोदेलीव : मग टोपी घाल. आणि वेर्लाला तू स्वतः सांगायचं, यंत्र लावून झाल्यावर. मी बरोबर येईन. ती मला घाबरते.

ओमेर : आणि उद्याच्या रविवारी?

गोदेलीव : उद्या रस्ता सोडून नदीकाठाने जायचं, तिथं गाड्या नसतात. फक्त तुम्ही दोघं. एत्येनला सांगा, पोट बिघडलंय.

उर्बेन : कुणाचं?

गोदेलीव : माझ्या पातेल्यातलं खाल्लंत तर दोघांचंही. मी शेजारणीकडे पातेलं मागायला चालले.

उर्बेन : ओमेर, ती सायकल आत आण. अशी नको, मागचं चाक वर धर. मी तेल सोडतो, तू उलटं पेडल फिरव. हळू. थेंब प्रत्येक कडीत जायला हवा.

ओमेर : क्लबमध्ये काय सांगणार?

उर्बेन : काय सांगायचं? चिमणी उडाली म्हणेन.

ओमेर : माझी होती असं नाही सांगणार?

उर्बेन : एवढं ऐकून घेतलंय, आता आणखी काय. फिरव. बास. आता थांबला बघ. अगदी गप्प.

ओमेर : मला तर मघापासून गप्पच होता.

उर्बेन : हो. तुला गप्पच होता.

ओमेर : काय रे, कसला विचार करतोस?

उर्बेन : फेब्रुवारीत आपण धरणापर्यंत गेलो होतो. येताना मी तुला एक सांगितलं होतं.

ओमेर : कधी? त्या दिवशी वारा होता.

उर्बेन : वारा होता. मी बराच वेळ बोलत होतो. तू म्हणालास, छान, छान, आणि पुढे निघून गेलास.

ओमेर : काय सांगत होतास?

उर्बेन : जाऊ दे. डॉक्टरने छातीचा फोटो पुन्हा काढायला सांगितला होता, काही डाग दिसतोय म्हणून. मी घाबरलो होतो. लीवला सांगितलं नव्हतं, फक्त तुला. नंतर निघालं काहीच नाही, जुन्या न्यूमोनियाची खूण होती. तीन आठवडे मला वाटत होतं, ओमेरला काही पडलेलीच नाही.

ओमेर : मी छान म्हणालो?

उर्बेन : दोनदा.

ओमेर : तो तेलाचा डबा खाली ठेव. त्या खोक्यावर बस. नाही, तिकडे नको, या बाजूला ये, हा कान जरा बरा आहे. आता पहिल्यापासून सांग.