उंच जोत्याचं गाव

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय हरिओमजी, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते आपले विस्तार अधिकारी रेणुकादास साहेब, त्यांच्या पत्नी, उमरी तालुक्याच्या गावोगावाहून आलेले सरपंच, ग्रामसेवक, आशाताई, अंगणवाडीताई, आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सगळे बंधुभगिनी,

सूत्रसंचालकांनी मला दोनदा वर बोलावलं आणि मी दोन्ही वेळा माइक खाली मागितला. अध्यक्ष महाराज, यात व्यासपीठाचा अवमान नाही. कारण आहे, ते शेवटी सांगते. तोवर एवढंच समजा, की करंजवाडी शाळेच्या या देविकाबाईंना आज पायऱ्यांचं वावडं आहे.

आधीच्या वक्त्यांनी साहेबांचं कौतुक केलं. ते वेळेवर येत, गोड बोलत, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पीत. खरं असेल. पण निवृत्त होणारा प्रत्येक माणूस वेळेवर येणाराच असतो, असं मी आजवरच्या सगळ्या निरोप समारंभांत ऐकत आले आहे. माणूस कशासाठी आठवायचा? वेळेवर आला म्हणून, की वेळेला उभा राहिला म्हणून? मी एकाच वेळेची गोष्ट सांगणार आहे.

आमचं करंजवाडी गाव काळ्या रानातलं. पावसाळ्यात पाणी दारात येतं, म्हणून घराचं जोतं उंच धरायची जुनी रीत. रीत चांगलीच होती. पण हळूहळू जोतं पाण्यासाठी राहिलं नाही, ते इज्जतीसाठी झालं. ज्याचं जोतं उंच, त्याचं घर मोठं. मग घरोघर शौचालयं आली. आमचे सरपंच आप्पासाहेब, ते समोरच बसलेत, त्यांनी व्यंकट मिस्त्रीला सांगितलं, "माझं असं बांध, की रस्त्यावरून दिसलं पाहिजे." ते दिसलं. शेजाऱ्याने त्याहून एक पायरी जास्त घातली. त्याच्या शेजाऱ्याने आणखी एक. शौचालयं की सिंहासनं, असा प्रश्न पडावा! कागदावर गाव पूर्ण झालं, आणि आता तपासणी पथकाने येऊन ते हागणदारीमुक्त जाहीर करायचं तेवढं बाकी होतं.

त्या दिवसांत पहाटेची पथकं निघत, हे तुम्हाला आठवत असेल. उघड्यावर बसणाऱ्याला गाठायचं, शिट्टी वाजवायची, आणि लाजवायला हातात गुलाबाचं फूल द्यायचं. आम्हा शिक्षकांनाही त्यात ओढलं होतं. खडूच्या हातात शिट्टी! असो.

त्या पहाटे ओढ्याच्या वाटेवर एक हातगाडा येताना दिसला. ढकलत होती तारामती. गाड्यावर बसली होती तिची नणंद इंदू. इंदूला लहानपणीच पोलिओ झाला, ती हातांवर सरकत चालते. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिने शिवलेले. घरी पांढरंशुभ्र शौचालय, दारावर रंगवलेलं नाव, आणि ही निघाली ओढ्याकडे.

शिट्टी वाजली. रेणुकादास साहेब पुढे झाले. नियम म्हणजे नियम, त्यांनी वाकून तिच्या हातात फूल दिलं.

इंदूने ते घेतलं, वास घेतला, केसात खोवलं आणि म्हणाली, "साहेब, फूल द्यायला तुमी वाकलाव. तसं आमच्या घरचं जोतं बी जरा वाकवा की."

पथकातला एकजण हसला. तारामती त्याच्यावर उखडली, "कामून हसून राहिलाव? पायऱ्या ओल्या असल्या की म्या हिला उचलून चढताना दोघी बी पडतोत. दुपारपास्नं ही पाणी पीत न्हाई. मागच्या उन्हाळ्यात मूतखड्यानं लोळत होती. बगा एकदा उचलून!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी शिट्टी खिशात घातली आणि गाड्यामागोमाग इंदूच्या घरी आले. म्हणाले, पायऱ्या फोडू, उतार करू, आत धरायला दांडा लावू. एका दिवसाचं काम.

इंदूचा भाऊ दयानंद हात जोडून आडवा आला. "साहेब, पाया पडतो, उतार नगं. माझ्या सृष्टीला पुढच्या हप्त्यात हदगावचे पाहुणे बघाया येऊन राहिलेत. दारात असलं काही दिसलं, की ते इचारतील, कुणासाठी केलं? मग म्हणतील, ह्या घरात पांगळेपण हाय. पोरगी घरात राहील माझी."

मित्रहो, दयानंदला वाईट ठरवू नका. त्याने बहिणीला जन्मभर सांभाळलं, चांगलं खाऊ घातलं. त्याला भीती आपलीच होती, तुमची आणि माझी. आपण सोयरीक जुळवायला गेल्यावर काय काय बघतो, ते आपल्याला ठाऊक नाही का?

इंदू म्हणाली, "राहू द्या साहेब. लेकराचं लगीन होऊ द्या. मला सवय हाय." आणि सरकत आत गेली.

दोन दिवसांनी ग्रामसभा. विषय एकच, तपासणी पथकाला बोलावायचं. सभा नेहमीप्रमाणे पारावर, आणि पारसुद्धा उंचच! इंदूचा गाडा खाली रस्त्यावर, म्हाताऱ्या बायका खाली, गावाबाहेरच्या वस्तीवरची माणसं त्यांच्याही मागे. साहेब पारावरून उतरले, खाली मातीत मांडी घालून बसले आणि म्हणाले, "जे पारावर येऊ शकत नाहीत त्यांना विचारल्याशिवाय मी सही करणार नाही. घरातलं शौचालय कोण कोण वापरू शकत नाही?"

कोण बोलणार? आप्पासाहेब वरून गरजले, "आमच्या गावात असं कुनी न्हाई! एक इंदू हाय, तिचं आमी बगू."

तेव्हा खालून आवाज आला, "म्या हाय."

कोण बोललं? नागुबाई. आप्पासाहेबांच्या सख्ख्या मातोश्री! गावातल्या सगळ्यात उंच जोत्याच्या घरातल्या. म्हणाल्या, "आप्पा, तुझ्या त्या संडासाच्या माडीवर म्या एकदा बी चढले न्हाई. गुडघे चढू देत न्हाईत, म्या खालीच राहते. न्हाणीत भांडं ठेवते अन् सूनबाई गुपचूप टाकून येती. तुला सांगायची लाज वाटली."

सभेत खसखस पिकली. आप्पासाहेब, रागावू नका, तुम्ही त्या दिवशी जे केलंत त्याचीही गोष्ट मी सांगणारच आहे. आप्पासाहेब पारावरून उतरले. आईजवळ बसले. मग एकामागून एक हात वर झाले. आठवा महिना लागलेली सून. मोतीबिंदूचे आजोबा. वस्तीवरच्या बायका म्हणाल्या, "आमची जागा नावावर न्हाई म्हणून आमाला शौचालयच न्हाई, वापरायचं काय?" पूर्ण झालेलं गाव असं डोळ्यांदेखत अपुरं होत गेलं.

तारामतीने तोडगा काढला. "एका घराला उतार केला तर खूण होती. सगळ्यांच्याच दारात करा, मग कुनाची खूण?" साहेब म्हणाले, "सुरुवात कुठून?" आप्पासाहेब उठले, "व्यंकट, पहार आण. आधी माझं जोतं."

झालं! सरपंचाच्या दारात उतार म्हटल्यावर उतार हीच इज्जत झाली. दयानंदने पाहुणे यायच्या आदल्या दिवशी स्वतः पायऱ्या फोडल्या. हदगावच्या पाहुण्यांतले आजोबा काठी टेकत त्याच उतारावरून गेले, परत येऊन म्हणाले, "आपल्याकडं बी असंच करा रे." सृष्टीचं लग्न हदगावच्या त्याच घरात झालं.

गावाला त्या वर्षी हागणदारीमुक्तीचं बक्षीस मिळालं नाही. तपासणी पुढे ढकलली म्हणून साहेबांना वरून बोलणी बसली. वस्तीवर शौचालयं यायला आणखी काळ गेला, आणि काही घरांना ती अजूनही नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर निरोपाच्या भाषणात सगळंच गोड होतं. योजनेत शेवटचा माणूस शेवटी घ्यायचा, ही आपली सवय अजून मोडलेली नाही. त्याला सगळ्यात आधी विचारा, बाकीच्यांची सोय आपोआप होते. नागुबाईंची झाली की नाही?

आता मी खाली का उभी आहे ते सांगते. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय, शाल आणि श्रीफळ करंजवाडीच्या इंदूताईंच्या हस्ते. इंदूताई इथे पहिल्या रांगेत आहेत, मांडीवर शाल आहे. आणि या व्यासपीठाला पायऱ्या आहेत. संयोजक प्रेमाने म्हणाले, "दोघेजण उचलून वर आणू." इंदूताई म्हणाल्या, "म्या गोणी न्हाई."

आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी माझा हट्ट चालवून घेतला, त्याबद्दल ऋणी आहे. बोलताना कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. माझ्या चुका पोटात घाला, या पायऱ्या मात्र घालू नका. पुढच्या कार्यक्रमाआधी त्यांच्या बाजूला उतार झालेला दिसू द्या.

आणि रेणुकादास साहेब, नोकरीतलं शेवटचं काम सांगते. तुम्हाला वाकता येतं, हे आमच्या गावाला माहीत आहे. खाली या. इंदूताई वाट बघून राहिल्यात.