मुक्ताचा नियम आणि अम्मांचा पापड

आमच्या छावणी मोहल्ल्यातल्या मुक्ताचं ऐकलंत का? ही कॉलेजातली पोरगी दर रविवारी वर्गातली पोरं घेऊन सिंधहून आलेल्या निर्वासितांच्या वस्तीत जाते. तिथल्या मुलांना सिंधी वाचता येतं, पण हिंदी अक्षरं ओळखता येत नाहीत, आणि त्यावाचून इथल्या हिंदी शाळेत निभाव कसा लागणार? म्हणून ही शिकवते. माझी स्वतःची अक्षरं जेमतेम, तरी गंमत बघायला गेलो.

वाटेत म्हणाली, "नाना, नियम ऐका. कुणाच्या घरी काही खायचं नाही. बिचाऱ्यांवर भार नको."

पहिल्याच घरी म्हातारीनं पाणी आणि भाजलेला पापड पुढे केला. सिंधी घरात पाहुण्याला आधी हेच देतात. पण पोरांनी हात जोडले. "नहीं अम्मा, हम तो सेवा करने आए हैं."

म्हातारीनं नातीला मागे ओढलं. "जो मेरे घर का पापड न खाए, उसके पास मेरी पोती नहीं पढ़ेगी."

सगळे मुक्ताकडे बघायला लागले. ती सरळ जमिनीवर बसली, पापड कडाकडा खाल्ला आणि म्हणाली, "अम्मा, और है क्या?" मग पोरांना म्हणाली, "बसा रे. माझा नियमच चुकला."

सत्तरी उलटली माझी, पण चारचौघांत हे वाक्य मला अजून जमलेलं नाही.

म्हातारीनं नातीला पुढे केलं. "ले, पढ़ा. पर अगले इतवार सब भूखे आना."

आता वर्गातली आळशी पोरंसुद्धा समाजसेवेला निघतात, आणि सगळ्यांच्या पुढे मी.