शून्यावरचा बिंदू

डिंभ्याच्या थांब्यावर माझ्या शेजारी बारावीतली पोरगी आणि तिचे वडील एसटीची वाट बघत होते. वडिलांच्या मांडीवर तांदळाची पिशवी होती.

"सरांची माफी माग आन मोकळी हो, संस्कृती."

"न्हाई मागणार, नाना. वक्राची स्पर्शिका आडवी कुठं होते, ते काढायचं व्हतं. डेरिव्हेटिव्ह शून्य धरलं की दोन बिंदू येतात. सरांनी फळ्यावर एकच काढला."

"एक ऱ्हायला आसंल."

"ऱ्हायला न्हाई, घालवला. त्यांनी दोन्ही बाजूंना एक्सनं भागलं. मग एक्स शून्य असलेला बिंदू गेलाच की."

"शून्यच व्हता ना पर?"

"शून्यावरबी वक्र हाये, नाना. तिथंबी स्पर्शिका हाये."

"मग सर काय म्हनले?"

"डोंगरातल्या पोरींनी आधी पाढे पाठ करावेत, म्हनले."

"हे काल का न्हाई सांगितलंस?"

"तुमी सरांसाठी तांदूळ भरत व्हता."

"एसटी आली. ऊठ."

"माफी मागायची?"

"फळ्यावर तो दुसरा बिंदू काढायचा. मी वर्गाच्या दारात उभा ऱ्हातो."

"आन पिशवी?"

"इथं थांब्यामागं कोंडाबाईच्या टपरीवर ठेव. येताना घरी न्यायचीय."