डब्यातली तीनशे चाळीस कार्डं

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या कोशाचे मुख्य संपादक, मंचावरचे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या प्रूफवाचक ताई, समोर बसलेले सहकारी आणि ताईंच्या घरची मंडळी,

ताईंच्या गुणांबद्दल माझ्याआधी तिघे बोलले. सगळं खरं आहे. मला फक्त एक प्रसंग सांगायचा आहे. "सांगू का?" असं सकाळी ताईंना विचारलं. म्हणाल्या, "सांगा. पण स्तुती लांबली तर मी उठून जाईन."

इंग्रजी-मराठी कोशाचं काम आम्ही वाटून घेतलं होतं. नामं माझ्या टेबलावर, क्रियापदं मास्तरांच्या. मास्तर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. पण इंग्रजीतले कितीतरी शब्द दोन्ही घरी नांदतात. 'हॅमर' म्हणजे हातोडा, आणि ठोकणंही. आपल्याकडे हातोडा कोणीतरी हातात घ्यावा लागतो. तिकडे तो स्वतःच कामाला लागतो. अशा शब्दांची कार्डं एका पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि ज्याला सवड होईल त्यानं लिहायची, असं ठरलं.

सवड कोणाला होणार?

"मास्तर, तुम्ही ज्येष्ठ. डबा तुमचा."

"छे हो! तुम्ही नव्या दमाचे."

दोन वर्षं आम्ही एकमेकांचा मान राखला. पुढे मला वाटलं, मास्तरांनी उरकलं. त्यांना वाटलं, मी उरकलं. झाकण कोणीच उघडलं नाही. 'एकही कार्ड शिल्लक नाही' असा दाखला मात्र अध्यक्षांकडे गेला. त्यावर सही माझी.

छपाईला चार दिवस उरले होते. ताई प्रूफांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"काय हो, तुमच्या कोशात कोणी झोपत नाही का? काम नाही, नाच नाही, साधं चालणंसुद्धा नाही. ही माणसं जगतात तरी कशी?"

मी हसलो. मग लक्षात आलं, 'स्लीप', 'वर्क', 'डान्स', 'वॉक' हे सगळे दोन्ही घरचे शब्द, आणि डबा उघडला. तीनशे चाळीस कार्डं होती.

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, मुलगी पाच महिन्यांची. यापुढे ज्याच्यामुळे उशीर होईल त्यानं दुसरीकडे काम शोधावं, असं अध्यक्षांनी सगळ्यांना बजावलं होतं. ताईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सरळ अध्यक्षांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

"डोळ्यांना त्रास होतोय. प्रूफांना दहा दिवस जास्त लागतील."

त्या दहा दिवसांत मास्तर आणि मी लिहीत गेलो, ताई वाचत गेल्या. कोश पुरा झाला. ताईंची नोकरी पक्की, म्हणून हलगर्जीपणाचा ठपका ठेवणाऱ्या पत्रावर भागलं. त्यांनी पोच दिली आणि पुढचं पान वाचायला घेतलं.

याला सोळा वर्षं झाली. "सांगून टाकू," असं मास्तर दोनदा म्हणाले. "बघू," असं मी दोनदा म्हणालो.

गेल्या आठवड्यात मी कबुलीचा कागद लिहिला, चांगला दोन पानी. आज सकाळी ताईंना दाखवला. त्यांनी सवयीनं पेन्सिल घेतली. माझी परिस्थिती खोडली. मास्तरांचा उल्लेख खोडला. माझा पश्चात्ताप तर अख्खा परिच्छेद होता, तोही गेला. उरलं ते असं: 'विलंब माझ्यामुळे झाला. ताईंची चूक नव्हती.'

"एवढं पुरे," त्या म्हणाल्या. "आता वाचण्याजोगं झालं."

अध्यक्ष महोदय, तो कागद आपल्यासमोर आहे, पाण्याच्या ग्लासाखाली. ताईंच्या फाइलमधलं पत्र काढून त्यांची फाइल कोरी करावी आणि हा कागद माझ्या फाइलमध्ये लावावा, एवढी विनंती. आज मला मोकळा श्वास घेता येतो आहे. पुढे जे व्हायचं ते होवो.

आपण ग्लास बाजूला केलात. सही करताहात. आभारी आहे.

ताई, तुमचे आभार मानायला मला शब्द मिळाले असते, पण तुम्ही ते खोडले असते. सभागृहानं शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. सत्काराच्या दिवशी हे बोलायला नको होतं असं कोणाला वाटलं असेल, तर त्यांनी मोठ्या मनानं मला माफ करावं. मी बसतो.