घरी जायचं बटण

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून, डोळे मिटून बसलेल्या दोघी. एक निवृत्त झालेली, दुसरी ऑफिसात तिच्याच खुर्चीवर आलेली.

"मॅडम, तुमचं बटण अजून आहे हं."

"कुठलं गं?"

"एक्सेलमधलं. दाबलं की उघड्या फायली एकेक करून सेव्ह होतात, बंद होतात, मग एक्सेलही बंद होतं."

"तो मॅक्रो होय. धरणाच्या पातळीच्या दिवसभराच्या नोंदी एकदा सेव्ह न करताच बंद केल्या मी. तेव्हा कानाला खडा लावला आणि पुस्तक आणून मॅक्रो लिहायला शिकले."

"आणि शेवटी स्क्रीनवर पाटी येते, 'सगळं नीट ठेवलंय. आता घरी जा.'"

"ती माझ्यासाठीच होती. पाय निघायचा नाही ना तिथून. मीच लिहिलेली, आणि मीच ऐकायची नाही."

"आता नवीन सिस्टीम आलीय. सगळं आपोआप सेव्ह होतं. एक्सेल कुणी उघडतच नाही."

"मग काढून टाक की ते बटण."

"साहेबही तेच म्हणतात."

"मग?"

"रोज निघताना मी एक रिकामी फाईल उघडते, आणि बटण दाबते."

"वेडी आहेस. पाटीचं ऐकतेस तरी का?"

"तुम्ही ऐकायचात तेवढंच."