बाथरूममधून बाहेर आलेले मामा

जबाब देणाराचे नाव: दाजी (कागदोपत्री नाव वेगळे आहे, ते सोबतच्या ओळखपत्रावर आहे, त्या नावाने हाक मारल्यास मी वळून बघत नाही). वय: अठ्ठावन्न वर्षे. धंदा: केशकर्तनालय, तीन खुर्च्या. राहणार: दुकानाच्याच वर, पहिला मजला.

मी आज आपल्या पायांनी ठाण्यावर आलो असून, हवालदारसाहेबांनी जे विचारले ते, आणि जे विचारले नाही पण विचारायला हवे होते तेही, खाली सांगत आहे.

एका साध्या दाढीला माझ्याकडे बारा मिनिटे लागतात. मिशी कोरायची असेल तर अठरा. आज खुर्ची क्रमांक एकवर जी दाढी झाली तिला दोन तास पस्तीस मिनिटे लागली. तेवढ्यात फेस तीन वेळा वाळला व तीन वेळा नव्याने लावला, सहा गिऱ्हाइके दारातून परत गेली आणि खुर्चीचा डावा हात निखळला. दाढीचे पैसे मिळाले. बाकीचे मी कोणाकडे मागितलेले नाहीत व मागणार नाही.

टीव्हीवर रोज सायंकाळी साडेसातला ‘दार लोटलेलं आहे’ ही मालिका लागते. मी ती बघत नाही. दुकानातला टीव्ही भिंतीवर आहे आणि माझी त्याच्याकडे पाठ असते. कानावर पडते तेवढेच. कान चांगले असल्यामुळे मालिका मला पाठ आहे.

मालिकेत नायिकेचे एक मामा आहेत. घरात कोणाची नोकरी गेली, लग्न मोडले, जमिनीवरून भाऊ भावावर उठला, की ती व्यक्ती मामांच्या खोलीत येते. मामा खुर्ची पुढे सरकवतात आणि म्हणतात, “आधी बसा. मग रडा.” एवढ्या एका वाक्यावर आठ वर्षे गेली. आमच्या रस्त्यावर नायिका कोणालाच फारशी आवडत नाही. लोक मामांसाठी बघतात.

गेल्या सोमवारच्या भागात मामा तोंड धुवायला बाथरूममध्ये गेले. बाहेर आले ते टॉवेलने तोंड पुसत. टॉवेल खाली आला तर माणूस दुसरा. मिशी तशीच, सदरा तोच, माणूस दुसरा. घरात कोणी काही बोलले नाही. नायिका म्हणाली, “मामा, चहा टाकू ना?”

त्या क्षणी माझ्या दुकानात तीन गिऱ्हाइके होती. तिघेही अर्ध्या दाढीनिशी उठून उभे राहिले. समोरचा बेकरीवाला रस्ता ओलांडून आला आणि माझ्यावरच ओरडला, “दाजी, आतला माणूस कुठाय?” आमच्या हिने त्या दिवसापासून नवा माणूस बोलायला लागला की आवाज बंद करायचा असे चालवले आहे. टीव्ही मात्र बंद करत नाही. आमच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी वाहिनीला चार दिवसांत सात पत्रे पाठवली. सातव्यात फक्त एकच ओळ होती, “बाथरूमचे दार उघडा.” मसुदा त्यांनी मला वाचून दाखवला होता.

आता आजची हकिकत.

सकाळी अंदाजे दहा वाजता माझे एक जुने गिऱ्हाईक आले. हेच ते पहिले मामा. मी आठ वर्षे त्यांची मिशी कोरतो. त्यांचा वरचा ओठ डावीकडे जरा उतरता आहे, म्हणून मिशीचे डावे टोक सूतभर वर ठेवायचे, ही युक्ती माझी. आजवर ते दर मंगळवारी सकाळी पावणेआठला मागच्या दाराने येत, शटर खाली असतानाच, कारण समोरून आले तर लोक सोडत नसत. आज समोरून आले. मी म्हटले, “अहो, पुढून?” म्हणाले, “आता चालेल.”

खुर्ची क्रमांक दोनवर बसले आणि म्हणाले, “सगळी काढा.” मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा तेच म्हणाले. मी काढली. मालिका का सोडली हे मी विचारले नाही. खुर्चीतला माणूस सांगायचे ते आपण होऊन सांगतो. त्यांनी सांगितले, “वाक्यं राहत नाहीत हो दाजी. बसा म्हणायचं तिथं रडा म्हणतो. दोनदा सांभाळून घेतलं त्यांनी. तिसऱ्यांदा किती सांभाळणार?” मग पैसे देऊन बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसले. त्यांची बस बाराला होती.

दहा पन्नासला दुसरे गिऱ्हाईक आले. वय चाळिशी उलटलेले, टोपी कपाळावर ओढलेली. खुर्ची क्रमांक एकवर बसून त्यांनी खिशातून फोटो काढला. म्हणाले, “मिशी अगदी अशी पाहिजे, केसभर फरक नको. दोनला शूटिंग आहे.” फोटोत पहिले मामा होते. फोटोतला माणूस मागे बाकावर बसलेला होता. त्या मिशीचे केस मी अजून झाडले नव्हते. नव्या माणसाची चप्पल त्या केसांवरच होती. मी फोटो बाजूला ठेवला. म्हटले, “राहू दे, मला माहीत आहे.”

फेस लावला, टोपी काढली, आणि समोरून बेकरीवाल्याने काचेतून बघितले.

अकरा दहापर्यंत दुकानात एकोणीस माणसे जमली. त्यांतली चार मालिका बघत नाहीत, ती गर्दी बघून आली. कोणी कोणाला मारले नाही. दार मोठ्या बाईंनी लावले व त्यासमोर स्टूल टाकून त्या बसल्या. डांबून ठेवले असे म्हणायचे की नाही, ते साहेबांनी ठरवावे. बाईंचे म्हणणे, त्या फक्त बसल्या होत्या.

बाई म्हणाल्या, “ही मिशी आमच्या मामांची आहे. दाजी, उतरवा.”

मी म्हटले, “बाई, गिऱ्हाइकाने सांगितल्याशिवाय मी त्याच्या केसाला हात लावत नाही.”

नवा माणूस आरशातून म्हणाला, “अहो ताई, मिशी गेली तर माझं काम गेलं. आज दोनला तिथं मिशीसकट उभं राहायचंय. आणि कंपनीनं बजावलंय, शुक्रवारपर्यंत लोक शांत झाले नाहीत तर मामांना परगावी पाठवून भूमिकाच संपवणार.”

“ते नंतर,” बेकरीवाला म्हणाला. “आधी सांगा, बाथरूममध्ये त्यांचं काय केलंत?”

“काही नाही केलं. आत कोणी नव्हतं.”

“म्हणजे आत जाऊन बघितलंत!”

“अहो, तिथं बाथरूमच नाहीये. नुसतं दार आहे. दारामागे भिंत. भिंतीपाशी स्टुलावर मला टॉवेल देऊन बसवलं होतं, म्हणाले हाक मारली की या.”

 मग बेकरीवाला हळूच म्हणाला, “आठ वर्षं त्या घरात बाथरूम नाही?”

“आणि सकाळी सगळे ओल्या केसांनी येतात ते?” बाईंनी विचारले.

“बाटलीतलं पाणी शिंपडतात,” नवा माणूस म्हणाला. त्याने हे सांगायला नको होते, असे माझे मत आहे. दोन बायका खाली मान घालून बसल्या.

मग त्याने आपली बाजू मांडली. बावीस वर्षे तो याच धंद्यात आहे. अकरा वेळा प्रेत झाला, सहा वेळा डॉक्टर, तेही “सॉरी” म्हणून निघून जाणारा, आणि बाकीच्या वेळी गर्दीत. घरच्यांनी ज्याला नावाने हाक मारावी असे काम पहिल्यांदा मिळाले. “माझी आईसुद्धा नाही बघत मला,” तो म्हणाला. “म्हणते, तू बरा आहेस रे, पण मामा ते मामाच.”

“शहाणी आहे तुमची आई,” बाई म्हणाल्या.

फेस दुसऱ्यांदा वाळला तेव्हा बाकावरचे पहिले मामा वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले, “सोडा हो त्याला. त्यालाही पोट आहे.”

बाईंनी वळून विचारले, “तुम्ही बघता का मालिका?”

“नाही.”

“मग मध्ये बोलू नका. आणि जरा सरका, या बाईंना टेकू द्या.” ते सरकले.

त्यांची बाराची बस गेली. साडेबाराच्या सुमारास नव्या माणसाने घड्याळाकडे बघायचे सोडून दिले. तेव्हा पहिले मामा उठले, वर्तमानपत्राची नीट घडी घातली आणि म्हणाले, “बाई, मीच होतो तो. बाथरूममध्ये कोणी अडकलेलं नाही. मी घरी होतो. बरा आहे.”

एकोणीस माणसे हसली. मी मोठ्याने म्हटले, “अहो, खरंच हेच आहेत!” तर बेकरीवाला म्हणाला, “दाजी, तुम्ही बघत नाही ना? मग!” मी सगळ्यांना तसे सांगत आलो आहे, त्यामुळे मला बोलायला जागा उरली नाही.

मोठ्या बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “गृहस्था, मामांना मी अंधारात, पाठमोरे, नुसत्या खोकल्यावरून ओळखीन. दोन हजार भाग बघितलेत. एकही चुकवलेला नाही. मला शिकवू नका. असाल तर म्हणून दाखवा ते वाक्य.”

पहिल्या मामांनी खुर्ची क्रमांक दोन पुढे सरकवली. टीव्हीत सरकवतात तशीच, उजव्या हाताने. मग थांबले. मी मनात वीसपर्यंत मोजले. ते म्हणाले,

“आधी रडा. मग बसा.”

जो गदारोळ झाला तो बेकरीच्या मागच्या भट्टीपर्यंत ऐकू गेला म्हणतात. “वाक्य येत नाही आणि मामा म्हणे!” “तोतया आहे, तोतया!” “दाढीमिशी नाही, वाक्य नाही, आला कुठून हा?”

आणि त्या गोंगाटात खुर्ची क्रमांक एकवरून, तोंडाला तिसऱ्या वेळचा फेस असलेला नवा माणूस कोणाकडेही न बघता म्हणाला, “आधी बसा. मग रडा.”

चूक दुरुस्त करावी तसा म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात घाई नव्हती. मोठ्या बाई जवळच होत्या. त्या त्याच खुर्चीच्या डाव्या हातावर बसल्या. मग रडल्या. खुर्चीचा हात त्याच वेळी निखळला, पण त्या उठल्या नाहीत.

त्यानंतर कोणी मिशीचे नाव काढले नाही. सगळ्यांच्या देखत मी चौथा फेस लावला आणि एक पंचवीसला मिशी पुरी केली. डावे टोक सूतभर वर ठेवले नाही. याच्या ओठाला त्याची गरज नव्हती. मग बेकरीवाल्यानेच त्याला स्वतःच्या गाडीवर बसवून शूटिंगला सोडले. तो दोनच्या आत पोचला.

पहिल्या मामांना मात्र इतरांनी दंडाला धरून ठाण्यावर आणले. मोठ्या बाईंची फिर्याद अशी की या इसमाने भरवस्तीत मामांचा तोतया बनून लोकांच्या भावनांशी खेळ केला. ओळखपत्र तपासले. त्यावर त्यांचे खरे नाव होते. ते नाव ठाण्यावर कोणालाच माहीत नव्हते, त्यामुळे संशय वाढला.

हवालदारसाहेबांनी मला विचारले, त्यांनी वाक्य मुद्दाम चुकवले, की आठवले नाही? मला सांगता येत नाही. म्हणण्याआधी त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितले, मग नव्या माणसाकडे. म्हटल्यावर त्यांनी कोणाकडेच बघितले नाही. याहून जास्त मी बघितले नाही. मीही त्यांना विचारलेले नाही.

ते पहिले मामाच आहेत, हे मी जबाबदारीने सांगतो. साहेबांनी पुरावा मागितला. झाडलेल्या मिशीचे केस एका पुडीत जबाबासोबत जोडले आहेत. ते कोणाच्या ओठावरचे, हे माझ्या हाताला कळते. कायद्याला कळेल की नाही, मला ठाऊक नाही.

सायंकाळी सहाला नवा माणूस शूटिंग आटोपून स्वतः ठाण्यावर आला आणि माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, यांना सोडा, असे त्याने लिहून दिले. ते कोण आहेत हे मी त्याला बाहेर व्हरांड्यातच सांगितले होते. तो आत गेला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. ते त्याला म्हणाले, “टॉवेल जरा हळू खाली आण. एवढी कसली घाई?” तो म्हणाला, “हो.” मोठ्या बाईंनी फिर्याद मागे घेतली, पण या वयात असे चाळे शोभत नाहीत अशी समज देऊन.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. ‘भट्टीपर्यंत’ हा शब्द त्यांनी ‘पेटीपर्यंत’ लिहिला होता, तो दुरुस्त करून घेतला. बाकी मी बोललो तसेच आहे, म्हणून खाली सही करतो.

सहीनंतर विचारल्यावरून जादा सांगतो की, निघण्यापूर्वी ठाण्यावरील सर्वांनी व मोठ्या बाईंनी नव्या मामांबरोबर एक फोटो काढून घेतला. नव्या मामांनी पहिल्यांना आपल्या शेजारी बोलावले होते, पण काढायला कोणीतरी हवे होते, म्हणून बाईंनी आपला फोन त्यांच्याच हातात दिला. फोटो काढताना ते दोनदा खोकले. बाई म्हणाल्या, “काका, हात हलवू नका.”