मेहेकचं वर्ष

(बीडमधला हाडांचा दवाखाना. डॉक्टर संगीता, मांजरसुंब्याचे ट्रक मेकॅनिक मुनव्वर आणि त्यांची धावपटू मुलगी मेहेक.)

डॉक्टर : तळहात नको फिरवू. एका बोटानं दाखव, नेमकं कुठं दुखतं?

मेहेक : इथं. दाबू नका, मॅडम.

डॉक्टर : नडगीच्या हाडाला तिथंच बारीक चीर आहे. एमआरआयमध्ये आलीय.

मेहेक : पण गेल्या महिन्यात एक्स-रे काढलता. त्यात कायबी न्हवतं.

डॉक्टर : सुरुवातीला बहुतेकदा दिसतच नाही. त्यानंतर किती पळालीस?

मेहेक : रोज आठ किलोमीटर. हायवेच्या कडंनं.

डॉक्टर : एवढं दुखत असताना?

मुनव्वर : गलती माझी हाय, मॅडम. मला वाटलं नस चढली. ट्रकच्या ट्यूबची पट्टी कापून दिली, म्हणलं आवळून बांध अन् पळ.

डॉक्टर : पट्टीनं दुखणं दबलं. चीर वाढत राहिली.

मेहेक : मॅडम, बारा दिवसांवर राज्याची निवड हाय. तेवढ्यापुरतं इंजेक्शन द्या ना.

डॉक्टर : नाही देणार. पळताना हाड मोडलं तर ऑपरेशन करून सळई टाकावी लागेल. आत्ता नुसत्या विश्रांतीनं भरून येईल. दोन महिने पळणं बंद, पोटभर जेवायचं. तिसऱ्या महिन्यात मातीवर हळूहळू सुरुवात. म्हणजे तीन महिने धर. पुढच्या निवडीला तू पळशील.

मेहेक : ती पाच महिन्यांनी हाय. माझं वर्ष चारच महिन्यांत संपतंय.

डॉक्टर : कसलं वर्ष?

मेहेक : अब्बांनी दिलेलं. वर्षात निवड झाली न्हाई तर पळणं बंद, शिवणक्लास.

डॉक्टर : खरं का, मुनव्वरभाई?

मुनव्वर : म्हणलतो तसं.

डॉक्टर : मग आता?

मुनव्वर : मॅडम, स्प्रिंगच्या पाट्याला चीर गेलेली गाडी मी घाटात सोडत न्हाई. मालक कितीबी बोंबलू दे. अन् सोताच्या पोरीला सोडलं. लई वाईट वाटतंय.

मेहेक : जाऊ द्या, अब्बा. तुमी चांगल्यासाठीच केलतं.

मुनव्वर : ऐक, बेटा. गाडी गॅरेजला उभी आसती तवा तिचं मीटर फिरत न्हाई. हे दोन महिने तुझ्या वर्षात धरायचे न्हाईत.

मेहेक : तीन, अब्बा. मॅडम तीन म्हणल्या.